मिलिंदचे बोलणारे पडदे

बाबांचा आवाज काही एकाएकी गेला नाही. आधी तो संध्याकाळचा बसू लागला, मग दुपारचा, आणि शेवटी सकाळची प्रार्थना झाली की पुढचं सगळं फळ्यावर लिहून शिकवायची पाळी आली. आमच्या गावची शाळा पत्र्याची. चार इयत्ता एका खोलीत, आणि पावसाळ्यात वरून पत्र्यावर असा मारा चाले की शेजारच्या पोराचं बोलणंही ओठांवरून ओळखावं लागे. बाबांनी उभी नोकरी त्या पत्र्याशी भांडण्यात घालवली आणि पत्रा जिंकला. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि सांगितलं, गुरुजी, आता कमी बोला. मास्तर माणसाला असं सांगायची हिंमत फक्त डॉक्टरलाच होते. बाबा ज्येष्ठमधाची काडी गालात धरून घरी आले आणि त्या दिवसापासून आम्ही सगळेच घरात हळू बोलू लागलो. कुणी तसं ठरवलं नव्हतं. आई चुलीपाशी भांडं ठेवायची तेही आवाज न करता. मला तेव्हा त्या शांततेचा राग यायचा. आता माझ्या ब्लॉकमध्ये तीन घरांचे टीव्ही एकदम ऐकू येतात तेव्हा ती शांतता आठवते, आणि येतो तो रागच, फक्त वेगळा.

पालीहून कोल्हापूरच्या रस्त्याने थोडं पुढे गेलं की एक वाट खाली उतरते, ती आमच्या गावाला जाते. बौद्धवाडी गावाच्या खालच्या अंगाला, पऱ्ह्याच्या म्हणजे ओढ्याच्या काठाला. वाडीतले निम्मे पुरुष मुंबईला, उरलेले शेतात, आणि पँट घालून रोज कामाला जाणारे एकटे बाबा. मी रत्नागिरीला वसतिगृहात राहून डी.एड. करत होते. शनिवारच्या दुपारच्या एसटीने घरी यायचं आणि सोमवारी पहिल्या गाडीने परत. माझा भाऊ मिलिंद माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तो घरीच असे, कारण डिप्लोमाच्या गणितात दोनदा आपटून तो परत आला होता. मास्तरांचा मुलगा गणितात नापास, ही गोष्ट पालीच्या बाजारापर्यंत पोचायला एक आठवडी बाजार पुरला. बाबा त्याला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त त्याच्याशी बोलताना 'अहो' म्हणू लागले. "अहो मिलिंदराव, जेवायला येताय ना?" मिलिंद मान खाली घालून कुळथाच्या पिठीत भाकरी कुस्करायचा आणि मला त्या दोघांचाही संताप यायचा.

पण त्याच्या हातात काहीतरी होतं. वाडीतले सगळे बंद पडलेले रेडिओ आमच्या पडवीत यायचे आणि गात परत जायचे. कुणी सुरमई देई, कुणी फणस. आई म्हणे, "ह्याच्यापाय आमच्याकडे मासळी इकत आणूची लागत नाय."

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की रोज संध्याकाळी आमच्या विहारात ग्रंथवाचन असे. पूर्वी भिक्खू पावसाचे महिने एका जागी थांबून उपदेश करत, त्याची आठवण म्हणून. मुंबईकर मंडळाने वर्गणी काढून विहार बांधला तेव्हापासून वाचन बाबांचं. दिवसभर लावणीच्या चिखलात वाकलेली माणसं हातपाय धुऊन, इरली भिंतीला टेकवून, येऊन बसत. बायका मागे. आणि विहारालाही पत्राच. त्या वर्षी पहिल्याच आठवड्यात बाबांचा आवाज तिसऱ्या रांगेच्या पुढे जाईना. दोन दिवस कुणी बोललं नाही. मग शेवटच्या रांगेतून भागीआत्या उठून उभी राहिली. ती वयाने सगळ्यांत मोठी, तिला भीड कुणाची नव्हती. म्हणाली, "गुरुजी, तुमी वाचताव ता आमाला दिसतंय हो. आयकू काय येत नाय."

हसू आलं सगळ्यांना. बाबाही हसले. पण मंडळाच्या तात्यांनी दुसऱ्या दिवशी पालीहून कर्णा भाड्याने आणला, आणि त्या चिमुकल्या खोलीत तो असा किंचाळला की कडेवरची पोरं रडायला लागली. कर्णा परत गेला. मग तात्या घरी आले, पडवीत बसले, चहा घेतला, आणि फार सांभाळून म्हणाले की गुरुजींनी आता दगदग करू नये, मुंबईहून आलेला सुरेश चांगलं वाचतो, खणखणीत आवाज आहे. बाबा म्हणाले, "बघू." तात्या गेल्यावर ते पावसाकडे तोंड करून बसले. माझ्या बाबांना मी तोवर कधी लाजलेलं पाहिलं नव्हतं.

मिलिंद आतून आला आणि म्हणाला, "बाबा, वाचन सोडू नका. मी आवाज करतो."

"कसला आवाज?"

"तुमचाच. तुम्ही हळू वाचा, घसा अजिबात ताणू नका. भागीआत्याला शेजारी बसून वाचल्यासारखं ऐकू येईल, असं करतो. कर्णा नाही. वेगळं आहे."

त्या दिवशी माझा मामाही घरी होता. तो लोट्याला केमिकल कंपनीत होता, शिफ्टमध्ये. त्याच्या शर्टाला एक आंबट जळका वास यायचा, कितीही वेळा पऱ्ह्यावर धुतला तरी न जाणारा. आई त्याचे कपडे वेगळ्या दोरीवर घालायची. कंपनी गणपतीनंतर हेल्पर भरणार आहे, मिलिंदचं नाव साहेबाच्या कानावर घातलंय, हे सांगायला तो आला होता. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग मिलिंदकडे. 'अहो' न म्हणता ते बोलले, म्हणून मला त्यांचं बोलणं जसंच्या तसं लक्षात आहे.

"भाद्रपद पौर्णिमेला विहारात तुझं यंत्र बोललं, तर पालीला रेडिओचं दुकान घाल. मी अडवणार नाही, उलट गाळा बघायला बरोबर येईन. नाही बोललं, तर मामाबरोबर लोट्याला जायचं. आणि मग मागे वळून बघायचं नाही. परीक्षेला पुढची तारीख मिळत नसते."

"बोलेल," मिलिंद म्हणाला.

त्याच्या मनात काय होतं ते मला ठाऊक होतं, कारण त्यातलं इंग्रजी मीच वाचून दाखवलं होतं. रत्नागिरीला रद्दीच्या दुकानात त्याला एक परदेशी मासिक सापडलं होतं, पानं भिजून फुगलेली. त्यात एका वेगळ्याच स्पीकरची कृती होती. त्यात लोहचुंबक नाही, कागदाचा भोंगा नाही. भोकाभोकांचे दोन पत्रे उभे करायचे आणि त्यांच्या मधोमध, कशालाही न लागता, कांद्याच्या सालीहून पातळ प्लास्टिकचा पडदा ताणून बसवायचा. पडद्याला हजारो व्होल्टचा चार्ज द्यायचा आणि दोन्ही पत्र्यांना ॲम्प्लिफायरमधून आवाज. मग पडदा सगळाच्या सगळा हलतो आणि बोलतो. लेखात म्हटलं होतं की हा आवाज यंत्रातून आल्यासारखा वाटतच नाही, माणूस पडद्यामागे बसून बोलतो असं वाटतं. हे वाक्य मिलिंदने माझ्याकडून परत परत वाचून घेतलं. त्या स्पीकरचं इंग्रजी नाव त्याला नीट उच्चारता येत नसे. तो आपला 'पडदे' म्हणे, मग आम्हीही तेच म्हणू लागलो.

पालीला उन्हाळ्यात तंबूचा सिनेमा यायचा, तो व्हिडिओ आल्यापासून बंद पडला होता. त्याचा जुन्या रेडिओसारखा, काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर मालकाच्या गोठ्यात पडून होता, आत कुंभारमाशीने मातीची घरं केलेली. मालकाचे दोन रेडिओ दुरुस्त करून मिलिंदने तो उचलून आणला. त्याचं सगळं पोट त्याने मोकळं केलं आणि नव्याने भरलं, कारण या पडद्यांना साध्या स्पीकरच्या कितीतरी पट व्होल्ट लागतात आणि ते घरात करायचे तर ट्रान्सफॉर्मर हाताने गुंडाळावा लागतो. केसासारखी तांब्याची तार, थरांच्या मधे मेणकागद. आम्ही बाबांची सायकल पडवीत उलटी उभी केली, चाकाला लाकडी गाभा बांधला, मी पेडल हाताने फिरवायची आणि तो बोटांच्या चिमटीतून तार सोडायचा. मध्येच तार तुटली की तो शिवी द्यायचा आणि लगेच आत बघायचा, बाबांनी ऐकलं का म्हणून. फणसाच्या फळ्यांच्या चौकटी त्याने स्वतः घातल्या. पडद्याचं प्लास्टिक मुंबईच्या एका चुलतभावाने त्याच्या कारखान्यातून आणून दिलं, एकच गुंडाळी. त्यावर पेन्सिलीच्या शिशाची पूड कापसाने चोळायची आणि परत पुसायची, दिसेल न दिसेल इतकीच ठेवायची. हे काम मी केलं. दोन शनिवार-रविवार माझी बोटं काळी होती आणि वसतिगृहातल्या मुली विचारायच्या, घरी जाऊन भांडी घासतेस का.

वीज चालू असताना मिलिंद डावा हात खिशात घालून काम करायचा. दोन्ही हात लागले तर झटका छातीतून जातो, एक हात लागला तर वाचायची आशा असते, असं तो म्हणे. माझ्या साडीला खिसा कुठला, मी हात पदरात गुंडाळून बसायची. आई स्वयंपाकघराच्या दारातून आम्हा दोघांकडे पाहत राहायची. आपल्या पोराला एक हात लपवून बसलेलं पाहून तिला काय वाटत असेल हे मी तेव्हा विचारलं नाही.

श्रावणात एक उघडीप मिळाली. चार-सहा दिवस लख्ख ऊन. त्यातल्या एका रविवारी दुपारी पडदे उभे राहिले, दारं काढून ठेवल्यासारखे दोन. ॲम्प्लिफायरमधले व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले. बाबा शाळेच्या मीटिंगसाठी पालीला गेले होते. मिलिंदने माईक देऊन मला घरामागच्या खोपीत पाठवलं आणि म्हणाला, वाच काहीतरी. माझ्या हाताशी खताच्या पिशवीवरची माहिती होती, ती वाचली. अमुक इतकं नत्र, तमुक इतकं स्फुरद, कोरड्या जागी ठेवावे. परत आले तर आई पडवीत उभी, हातात ओली टोपली, आणि ती पडद्यामागे वाकून बघत होती. "ही हितं होती ना आत्ता?" ती म्हणाली. "हितं बसून बोलत होती. मी आयकलं ना." मिलिंद भिंतीला टेकून खाली बसला आणि हसायला लागला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. मला वाटतं, त्याच्या सगळ्या आयुष्यात तो एवढा खूश कधीच नव्हता. लग्नातसुद्धा नाही. आईने त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली आणि भात टाकायला निघून गेली.

ऊन गेलं आणि पडद्यांचा आवाजही गेला. पहिल्याच सरीनंतर ते चुरचुरायला लागले, संध्याकाळपर्यंत पुटपुटायला, आणि दुसऱ्या दिवशी मुके. मासिक लिहिणाऱ्या साहेबाच्या देशात बहुतेक भिंतींना पाणी सुटत नसावं. आमच्याकडे पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी होतं, चामड्याच्या चपलेला बुरशी येते, काडीपेटी छातीशी धरून ऊब द्यावी लागते. त्या दमट हवेत पडद्यावरचा चार्ज टिकेना, गळून जाई. मिलिंदने तोड काढली. भिंतीतलं आईचं फडताळ रिकामं करून त्यात पडदे उभे केले आणि तळाशी एक बल्ब सतत जळता ठेवला. दोन दिवस असे ठेवले की पडदे तासभर बोलत. तासभर पुरे होतं. वाचन तेवढंच असे.

आणि मग पौर्णिमा तोंडावर आली असताना एक व्हॉल्व्ह गेला. तसला पालीला नाही, रत्नागिरीला नाही. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर मिळेल म्हणून मिलिंद रात्रीच्या एसटीने निघाला. निघताना त्याने आईला जवळ बोलावून फडताळ दाखवलं. मी शेजारीच होते.

"आई, तुझ्यावर सोपवून जातोय. हे ओलं होऊ द्यायचं नाही. काही झालं तरी सुकं राहिलं पाहिजे. माझं सगळं ह्याच्यात आहे."

"तू जा निवांत," आई म्हणाली. "मी हाय ना."

तिकडे महामार्गावर दरड कोसळली आणि तो अडकून पडला. इकडे पऱ्ह्याला पूर येऊन विजेचा खांब आडवा झाला आणि आख्ख्या वाडीची लाईट गेली. फडताळातला बल्ब विझला. शनिवारी मी घरी पोचले तेव्हा कंदील लावलेला होता आणि आई चुलीपुढे बसलेली, डोळे लाल.

आमच्या घरात, तसं कोकणातल्या कुठल्याही घरात, चुलीच्या वर कामट्यांचा माच टांगलेला असतो. पावसाळ्यात जे म्हणून ओलं होऊ नये असं असतं ते त्यावर जातं. सोलं, सुके बोंबील, आठळ्या, पुढच्या वर्षीचं बियाणं, बाळाची दुपटी. माझी शाळेची पुस्तकं मी तिथूनच उचलून नेत असे, त्यांना धुराचा वास यायचा. आईने तो माच रिकामा केला होता. पहिल्यांदाच मी तो असा मोकळा पाहिला. त्यावर तिचं धुतलेलं लुगडं अंथरलेलं आणि लुगड्यावर मिलिंदचे दोन्ही पडदे, आडवे. खाली चूल. पावसाच्या शेवटासाठी राखून ठेवलेली चांगली लाकडं तिने काढली होती, धूर कमी व्हावा म्हणून. लाईट गेल्यापासून तिने निखारा विझू दिला नव्हता.

"हात लावून बघ," ती मला म्हणाली. "कसं कडकडीत ऱ्हायलंय."

मी हात लावला. खरंच, ऊबदार आणि कोरडं. मलाही बरं वाटलं. शिकलेली मी, मासिक वाचून दाखवलेली मी, मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. ओलं झालं की चुलीवर टाकायचं, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नसतं. ते असतंच.

मिलिंद दुसऱ्या दिवशी आला, चिखलात भरलेला, दरडीच्या पलीकडून पायी चालत. व्हॉल्व्ह कापसात गुंडाळून पत्र्याच्या डबीत, आणि डबी शर्टाच्या आत. लाईट सकाळीच आली होती. आईने त्याला पाणीसुद्धा नीट पिऊ दिलं नाही, हाताला धरून चुलीपाशी नेलं. त्याने पडदे उतरवले, पडवीत उजेडात नेले, आणि एका पत्र्याच्या भोकांमधून आत पाहिलं. मीही वाकून पाहिलं. मधलं प्लास्टिक, जे आरपार दिसायचं, ते चहाच्या रंगाचं झालं होतं. भोकांच्या कडांना चिकट काळं पुट. काजळी म्हणजे कोळसाच, आणि कोळशातून वीज वाहते. जिथून केसभरही वाहायला नको तिथे सगळीकडे आता वाट झाली होती. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त मिलिंदचा चेहरा दिसला.

आई मागून हात पुसत आली. "सुकलाय ना रे?"

मिलिंद वळला. "एकदम सुकलंय, आई," तो म्हणाला.

"मंग! तू उगा काळजी करत व्हतास."

ती गेल्यावर मी त्याला म्हटलं, बाबांना सांग. महिनाभर मागून घे, आश्विन पौर्णिमेला सांगता असते तेव्हा लाव. प्लास्टिक परत आणू. तो स्पिरिटचा बोळा भोकाभोकातून घालत होता, तो आत पोचत नव्हता हे त्यालाही दिसत होतं.

"काय सांगू? कशाने झालं म्हणून सांगू?"

"जे झालं ते."

"ताई, बाबा तिला एकच वाक्य बोलतील. तुला ठाऊक आहे कसं. आणि ती ते मरेपर्यंत धरून बसेल." त्याने बोळा टाकून दुसरा घेतला. "तू बोललीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. कधीच."

बोलला असता, इतका काही तो पक्का नव्हता. पण मी गप्प राहिले, कारण तो म्हणत होता ते खरं होतं. बाबा ओरडत नसत, मारत नसत. ते आईकडे पाहून शांतपणे म्हणाले असते, 'तुला कुणी सांगितलं होतं?' आणि बस.

पौर्णिमेला विहारात पांढऱ्या साड्या, मेणबत्त्या, खिरीचं पातेलं. मिलिंदने पडदे मेणकापडात गुंडाळून नेले आणि बाबांच्या दोन बाजूंना उभे केले. सगळी वाडी आली होती, वरच्या वाडीतलेही दोघे-चौघे नवल बघायला आले होते. मामा आला होता. आई पहिल्यांदाच मागे न बसता पुढे, पडद्याच्या जवळ बसली. वरून पाऊस धो धो पत्र्यावर. वंदना झाली, बाबांनी ग्रंथ उघडला आणि माईकपाशी, जवळजवळ स्वतःशीच, वाचायला सुरुवात केली.

आणि ते ऐकू आलं. काय सांगू, बाबांचा तो फाटका, दमलेला आवाज, पण एकेक अक्षर वेगळं, श्वाससुद्धा, पान उलटल्याची सळसळसुद्धा. वरच्या त्या सगळ्या गदारोळाच्या खालून तो आवाज आरामात चालत मागल्या भिंतीपर्यंत गेला. भागीआत्याने मान वर केली. बाबा स्वतः दचकले. त्यांनी वाचता वाचता मिलिंदकडे पाहिलं आणि मी शपथेवर सांगते, त्या नजरेत गाळा भाड्याने घेतलेला होता, पाटी लावलेली होती. मिलिंद त्यांच्याकडे पाहत नव्हता. तो पडद्यांकडे पाहत होता, डावा हात खिशात.

एक परिच्छेद झाला. दुसरा अर्धा. मग डाव्या पडद्यात चट् चट् सुरू झालं, ओल्या लाकडासारखं. मग निळी ठिणगी, मग एकाला लागून एक अशी तिची माळच, आणि प्लास्टिक जळल्याचा घाण वास. बायका पोरं ओढून मागे सरल्या. मिलिंदने वायर उपटली, तेवढ्यात उजवाही गेला आणि फ्यूज उडून विहारात फक्त मेणबत्त्या राहिल्या. पडद्याला मधोमध भोक पडलं होतं आणि त्याच्या कडा तांबड्या होऊन अजून आखडत होत्या.

बाबांनी ग्रंथ डोळ्यांजवळ धरला आणि तसंच पुढे वाचलं. आवाज बाहेर येतच नव्हता, ओठ हलत होते. कुणी उठलं नाही. भागीआत्याही काही बोलली नाही, हे मला सगळ्यांत जास्त लागलं. तो भाग संपवून त्यांनी खूण घातली आणि ग्रंथ सुरेशच्या हातात दिला. त्यानंतर बाबांनी विहारात कधी वाचलं नाही.

घरी आल्यावर बाबा पडवीत बसले, मामा शेजारी. आई आत पेज वाढत होती, पण तिचा कान बाहेर होता.

"काय झालं?" बाबांनी विचारलं. रागाने नाही. मला अजूनही वाटतं, तेव्हा त्यांना एखादं कारण हवं होतं. पाऊस, वीज, व्हॉल्व्ह, काहीही. त्यांनी ते मानलं असतं.

"पडद्याचा ताण चुकला," मिलिंद म्हणाला. "मोजमापात चूक झाली. माझीच."

"पुन्हा गणित," बाबा म्हणाले.

"हो."

मी आत गेले, कारण तिथे थांबले असते तर बोलले असते.

पौर्णिमेनंतर तो मामाबरोबर लोट्याला गेला. आईने त्याला सुकट आणि तांदूळ बांधून दिले. पत्रे कोंबड्यांच्या खुराड्याला लागले, ॲम्प्लिफायर तंबूवाल्याच्याच कुणीतरी नेला. मिलिंदने पुढे कधी हातात सोल्डरिंग धरलं नाही. कुणी रेडिओ आणला तर म्हणायचा, दुकानात द्या. वर्षभरात परमनंट झाला, लग्न झालं, मुलं झाली, कंपनीची बस त्याला न्यायची आणि आणायची. त्याच्या शर्टालाही तो वास यायला लागला. पुढे कंपनी बंद पडली आणि खोकला राहिला. बाबा गेले तेव्हा त्यांच्या उशाशी मिलिंदच होता, शेवटपर्यंत दोघं एकमेकांशी नीट, सभ्यपणे बोलत, पाहुण्यांसारखे. मी दोनदा त्याला म्हटलं, आता तरी सांग. तो म्हणाला, आता सांगून कुणाचं भलं होणार आहे, ताई. गेल्या वर्षी तोही गेला. छातीनेच.

आई आता माझ्याकडे रत्नागिरीला असते. तिला बाकी फारसं आठवत नाही, पण मिलिंदचं आठवतं. परवा दुपारी मी तिला भरवत होते, तर मध्येच घास थांबवून म्हणाली, "माझ्या बाबूच्या हाताला यश नव्हता गो. येवडा केलान, येवडा राबलान, आणि त्याचं त्यालाच नडला."

मी म्हटलं, "हो."

"पण मना त्याने एक काम सांगितलान," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला. "आख्ख्या जल्मात येकच. सुकं ठेव म्हणालान. लाईट गेली तरी मी निजले नाय. सुकं ठेवलं का नाय मी?"

तिच्या हनुवटीवर पेज ओघळली होती, ती मी पदराने पुसली.

"ठेवलंस, आई," मी म्हटलं. "अगदी सुकं ठेवलंस."